एक आवडतं, दहा सारखी

ॲडमिशनचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साठतात, उन्हाळ्यात टीव्हीवर धूळ साठते तसे. तुम्ही फक्त जून-जुलैत योग्य जागी खुर्ची टाकून बसायचं. यंदाची शेवटची फेरी परवा संपली. काल मी सकाळी सावकाश अंघोळ केली, पोहे गरम असताना खाल्ले आणि दुपारी चक्क झोपले. आता सुटले एकदाची! म्हणून सांगत बसलेय.

मी इंदापुरात ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर, असं पोरं माझ्या मागं बोलतात आणि ते खरं आहे. सीईटीचा निकाल लागला की मी स्टँडमागच्या गल्लीत सलीमभाई तांबोळींच्या नेट कॅफेत जाऊन बसते. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर एक घड्याळ आणि बाहेर पालकांची रांग. कॉम्प्युटर सलीमभाईंचे, डोकं माझं, चहा दोघांचा.

नियम आधी सांगते, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. पोरांनी कॉलेजांची यादी भरायची, आवडीच्या क्रमानं. मशीन वरून खाली वाचत येतं. मार्कांत बसणारं पहिलं कॉलेज सापडलं की ते देऊन टाकतं, खालचं बघतसुद्धा नाही. म्हणून सगळ्यात आवडतं ते वर, हमखास मिळणारं ते तळाला.

माझी पद्धत सोपी आहे. पोराला म्हणते, "तुला मनापासून आवडलेलं एक कॉलेज सांग. मग आपण त्याच्यासारखी दहा शोधू." सारखी म्हणजे ब्रँच तीच, मार्क जवळपास तेच, हॉस्टेल आहे की नाही, गाव केवढं आहे, वगैरे.

ऐकायला किती छान वाटतं ना? पण सारखं म्हणजे काय, हे प्रत्येक घरात वेगळं असतं हो!

* * *

पळसदेवहून करण आला, सोबत आई. मंगलताई. घरचा धंदा मासेमारीचा, उजनीच्या पाण्यात होडी आहे. करणला कोल्हापूरकडचं एक कॉलेज आवडलेलं. मी त्याच्यासारखी दहा काढली आणि एकेक वाचून दाखवायला लागले.

मंगलताई प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारायच्या. "मॅडम, तितं मासं मिळत्यात का?"

कोल्हापूर झालं, सांगली झालं, नाशिक झालं. सगळीकडं मासे मिळतात का, हे मला तरी कुठं ठाऊक? मी आपली "मिळत असतील, मिळत असतील" करत पुढं सरकत होते. सातव्या कॉलेजाला करणचा बांध फुटला.

"आये, मासं नको म्हणून तर शिकायला चाललोय!"

रांगेतली सगळी माणसं हसली. मंगलताईंनी पदर तोंडाला लावला आणि मला हळूच म्हणाल्या, "टाका मॅडम, कंचं बी टाका. पर सुट्टीला आला की पैला तोच ताट पुढं वडतोय."

* * *

सलीमभाईंच्या घड्याळाचं सांगायचं राहिलं. ते पाच मिनिटं पुढं असतं. बिघडलंय म्हणून नाही, मुद्दाम. फॉर्म पाचला बंद होत असेल तर सलीमभाईंच्या दुकानात तो पाचला पाच मिनिटं कमी असतानाच बंद होतो. "शेवटच्या पाच मिनिटांत नेट मरतंय, लाईट मरती, न्हायतर माणूस घाबरून चुकतंय," असं त्यांचं म्हणणं. या एका गोष्टीत ते कुणाचं ऐकत नाहीत.

एक रिटायर एष्टी ड्रायव्हर, बाळासाहेब, नातीचा फॉर्म भरायला आले. आयुष्य टाईमटेबलवर गेलेलं. आल्या आल्या मनगटाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं.

"तांबोळी, तुमचं घड्याळ पुढं हाय."

"माहीत हाय."

"मग नीट करा की!"

"नीट केलं तर तुमी उशिरा येशीला, आबा."

दुसऱ्या दिवशी नातीला चारला बोलावलं होतं. नात चारला हजर, आबा गायब. मग रमतगमत आले. मी चिडलेच. "आबा, तुमच्यामुळं फॉर्म अडलाय! किती उशीर?"

"उशीर कुठला?" आबा शांतपणे म्हणाले. "ह्यांचं घड्याळ पाच मिनिटं पुढं हाय म्हणून पाच मिनिटं थांबून आलो."

* * *

माझी स्वतःची फजिती पण सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम फक्त दुसऱ्यांनाच हसतात.

ओंकारची यादी मी कागदावर रात्री घरी बसून केली होती. ब्रँच बरोबर, मार्क बरोबर, हॉस्टेल झकास, सुरक्षित परिसर, मेस चांगली. मी खूश. चौथ्या नंबरच्या कॉलेजाचं तर मी पाच मिनिटं कौतुक केलं. इतकं त्याच्या आवडत्या कॉलेजासारखं दुसरं सापडायचं नाही, असं म्हणाले.

ओंकार मान खाली घालून ऐकत होता. सलीमभाई नाव टाईप करायला गेले आणि थांबले.

"मॅडम, हे मुलींचं कॉलेज हाय."

मी पेन काढून नाव खोडायला लागले तर ओंकार खालच्या मानेनंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की मॅडम. लागलंच तर बघू!"

* * *

आता एक खरी गोष्ट मधेच सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

सलीमभाईंची मुलगी आफरीन माझीच विद्यार्थिनी. यंदा तिचीच बारावी. वर्गात पहिल्या बाकावर नाही, तिसऱ्या बाकावर बसणारी. प्रश्न मात्र असे विचारायची की मला घरी जाऊन पुस्तक उघडायला लागायचं. तिला सिव्हिल करायचंय. अकरावीत आमची सहल पुण्याला गेली होती, तिथं एका कॉलेजच्या आवारात आम्ही तासभर थांबलो. परत येताना गाडीत सगळी पोरं गाणी म्हणत होती आणि ही खिडकीतून मागं बघत बसली होती. तेव्हापासून तिचं एक आवडतं कॉलेज ठरलेलं.

मार्क पडले, आणि त्या कॉलेजात बसतील असे पडले! मी तिच्यासाठी त्याच्यासारखी दहा काढली. इतकी चांगली यादी मी कुणाचीच केली नव्हती.

सलीमभाईंनी यादी वाचली, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मग आफरीनच्या फॉर्मात एकच कॉलेज भरलं. बारामतीचं. सकाळच्या एष्टीनं जायचं, संध्याकाळच्या एष्टीनं घरी.

बारामतीच्या कॉलेजाला नावं ठेवायला जागा नाही. माझी कितीतरी पोरं तिथं शिकून मोठी झाली. पण हिचं मन तिथं नव्हतं, आणि ही गोष्ट सलीमभाईंना पक्की माहीत होती. म्हणून तर मी भडकले.

"दुसऱ्यांच्या पोरी पुण्याला धाडता, नागपूरला धाडता! परवा त्या भिगवणच्या माणसाला तासभर समजावलं, पोरगी लांब गेली की शहाणी होती म्हणून. आणि स्वतःच्या पोरीला बारामती?"

सलीमभाई प्रिंटरमधला कागद नीट करत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्यांच्या पोरींचा बाप मी न्हाय, मॅडम."

आफरीन दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाचा तरी फॉर्म भरत होती. तिनं वर बघितलं नाही.

* * *

बारामतीचे दोघं मित्र, रोहित आणि प्रथमेश. पाचवीपासून एका बाकावर. एकाचा मामा इंदापुरात, म्हणून इकडं आले. म्हणाले, "मॅडम, आमची यादी एकसारखी पाहिजे. नंबरसुद्धा तेच. आम्हाला एकत्रच राहायचंय."

डोळ्यांत पाणी यावं अशी मैत्री! मी दोघांची यादी एकसारखी केली.

दुपारी रोहितचे वडील एकटेच आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "मॅडम, तेवढं त्या प्रथमेशपासून लांबचं बघा. त्याच्या नादानं आमचं पोरगं वाया चाललंय."

ते गेले. तासाभरानं प्रथमेशचे वडील. तेही एकटे. तेही इकडंतिकडं बघून. "मॅडम, तेवढं त्या रोहितपासून..."

मी हात जोडले. म्हटलं, यादी पोरांची, पोरंच ठरवतील. शेवटी दोघांना एकच कॉलेज लागलं. आता दोन्ही बाप सोबत जाऊन हॉस्टेल बघून आले, आणि येताना दोघांनी मिळून एक खोली ठरवली. पोरांसाठी. दोघांची एकच!

* * *

आणि निमगाव केतकीचे दत्तूतात्या. यांचा किस्सा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुतणी प्रतीक्षा. हुशार, अबोल. तात्या घरातले मोठे, त्यामुळं यादी तात्यांनी केली. वहीच्या पानावर, सुंदर अक्षरात, एक ते बारा. वाचली आणि मला घाम फुटला. एक नंबरला तालुक्यातलं जवळचं कॉलेज, जिथं तिला डोळे झाकून मिळणार. दोन नंबरला तात्यांच्या साडूचं, म्हणजे साडू जिथं क्लार्क आहे ते. तीनला एका पाहुण्यांच्या गावचं. आणि तिला हवं होतं ते पुण्याचं कॉलेज? बाराव्या नंबरला!

"तात्या, हे असं का?"

"आसं का म्हंजी? तालुक्याच्या कॉलेजातली माणसं थोरल्याच्या लग्नाला आलीती. फेटा बांधून घेतला, जेवून गेली. त्यांचं नाव खाली टाकू? आन् पुण्यात आपल्याला कोण वळखतंय? ते शेवटी."

तेव्हा कळलं. तात्यांनी कॉलेजांची यादी लग्नपत्रिकेसारखी केली होती, मानपानाप्रमाणं! मी मशीन समजावलं, क्रम समजावला, टेबलावर हात आपटले. तात्या म्हणाले, "मशीनला मानपान कळत नसंल, पर आपल्याला तर कळतोय न्हवं?"

प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी तरंगत होतं.

तेवढ्यात सलीमभाई बोलले. "तात्या, गावात सत्काराचा कार्यक्रम असला की पैल्यांदा कोण बोलतंय?"

"सूत्रसंचालक."

"आन् अध्यक्ष?"

"अध्यक्ष शेवटी बोलतोय. त्यो काय आधी उठतोय व्हय!"

"मग मान कुणाचा मोठा?"

तात्यांनी वही ओढून घेतली, बराच वेळ बघितली. मग पेन मागितलं आणि स्वतःच्या हातानं सगळी यादी उलटी लिहिली, तालुक्याचं कॉलेज तळाला. अध्यक्ष! पुण्याचं आपोआप वर आलं. मी खुर्चीत मागं टेकले.

तात्यांचं पेन मात्र हवेतच होतं.

"पर सलीमभाई, अध्यक्षानंतर आभार मानाय येक माणूस आसतोय."

"आसतोय की."

"तितं साडूचं टाका. आभार कोण ऐकत न्हाय."

प्रतीक्षाला पुणं लागलं. तात्या पेढे घेऊन आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाला नमस्कार करून गेले, का ते त्यांनाच ठाऊक.

* * *

राहिली आफरीन.

फॉर्म बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी दुकानावर गेले तर शटर बंद! ऐन सीझनमध्ये! मला आठवतंय तेव्हापासून असं झालं नव्हतं. बाहेर वीसएक माणसं, त्यांचा सगळा राग माझ्यावर. आफरीन पायरीवर उभी होती. म्हणाली, "अब्बा सकाळच्या गाडीनं गेलेत. कुठं ते सांगितलं नाही. फोन लागतोय, पण उचलत नाहीत." मग किल्ली आणून तिनंच शटर उघडलं, आणि त्या दिवशीचे सगळे फॉर्म आम्ही दोघींनी भरले. तिनं एकाही पालकाला आवाज चढवून उत्तर दिलं नाही. मी चौघांना दिलं.

दुसरा दिवस शेवटचा. पाचला फॉर्म बंद. सलीमभाई दुकानात होते. डोळे लाल, झोप झालेली दिसत नव्हती. दुपारी गर्दी जराशी कमी झाली तेव्हा आफरीन माझ्याजवळ आली.

"मॅडम, मी माझी यादी परत भरलीय. तुम्ही केलेली सगळी अकरा टाकलीत. बारामतीचं पण टाकलंय."

"शाब्बास! कितव्या नंबरला?"

"पहिल्या."

माझं डोकं सणकलं. "अगं, पहिलं टाकलं तर तेच लागणार! खालची अकरा कशाला, शोभेला?"

"अब्बांना बरं वाटेल," ती म्हणाली. "माझी खालची यादी वाचतील तरी."

वर्गात साठ पोरांना गप्प करणारी मी, तिथं नुसती उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजलेले.

फॉर्म कायम करायला ओटीपी लागतो आणि तो येतो वडिलांच्या फोनवर. आफरीननं हाक मारली. "अब्बा, ओटीपी."

सलीमभाई उठून आले. चष्मा लावला. स्क्रीनवर यादी होती, ती वरून खाली सगळी वाचली, प्रत्येक नाव ओठांत पुटपुटत. बारामती, पुणे, सांगली, कराड, पार तळापर्यंत. मग परत वर गेले.

"हे पैलं कुणी टाकलं?"

"मी, अब्बा."

त्यांनी तिच्या हातातला माऊस घेतला. बारामतीवर बोट दाबून धरलं आणि ती ओळ ओढत ओढत खाली आणली. एकेक नाव वर सरकत होतं. मधेच ओळ सुटली, परत धरली. तळाला नेऊन सोडली.

"अध्यक्ष शेवटी," ते म्हणाले.

मग फोन काढून ओटीपीचे सहा आकडे मोठ्यानं वाचले, आणि त्यातला एक चुकला म्हणून परत वाचले. आफरीन टाईप करत होती आणि तिला कीबोर्ड नीट दिसत नव्हता. मी? मी बाहेर गेले आणि विनाकारण चहा सांगितला. पाच कप! आम्ही तिघं होतो.

आठवड्यानं लिस्ट लागली. आफरीनला पुणं मिळालं, तिचं तेच कॉलेज. मी दुकानात ओरडलेच, मला लाज नाही. रांगेतल्या लोकांना वाटलं माझाच नंबर लागला. पेढे आले, प्रतीक्षापण आली, कारण आता दोघी एकाच गावात. सगळं शांत झाल्यावर मी सलीमभाईंना धरलं.

"आता सांगा. त्या दिवशी शटर बंद करून कुठं गेला होता?"

"पुण्याला."

"पुण्याला कशाला?"

"तिच्या कॉलेजच्या पोरींच्या हॉस्टेलवर." पेढ्याच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत ते बोलत होते. "आत कोण सोडतंय? समोर चहाचा गाडा हाय, तितं बसलो. चार चहा प्यालो. वॉचमन दोनदा येऊन इचारून गेला, काका, कुणाला भेटायचंय? म्हटलं, कुणाला न्हाय. फाटक लावताना बघायचंय."

"फाटक?"

"तितं बोर्ड हाय, मॅडम. मुलींनी संध्याकाळी साडेसातच्या आत यायचं. बोर्ड काय, कुणी बी लिवतंय. म्हणून बसून ऱ्हायलो."

"मग? साडेसातला लावलं का?"

"न्हाय लावलं."

सलीमभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाले,

"सात पंचवीसला लावलं, मॅडम! मोबाईलच्या घड्याळात बघितलं. सात पंचवीसला!"